गुरुजी फुल्लवर चालवतात

गुरुजी म्हणजे शाळेतले गुरुजी नव्हेत बरं का. नोकरी म्हणाल तर विमा कंपनीत, ठोकलेल्या गाड्या तपासायची. दिवसभर गॅरेजं हिंडायची, चेपलेल्या दारावर टॉर्च मारायचा, मालकाला विचारायचं, "वेग किती होता?" आणि मालक काय वाट्टेल ते सांगो, ते लगेच खरं मानायचं नाही. एवढीच विद्या. पण संध्याकाळी घरी आले, मागच्या खोलीतल्या लोखंडी सांगाड्यावरच्या सीटमध्ये शिरले, की त्यांचा थाट निराळा. समोर पडदे, पायाशी पेडल, हातात स्टिअरिंग आणि पडद्यावर रेसची गाडी. अशा घरबसल्या रेस लावणाऱ्यांचा एक ग्रुप होता. रविवारी दुपारी सगळे आपापल्या खोलीतून एकाच ट्रॅकवर उतरायचे, आणि त्या ग्रुपवर यांना सगळे गुरुजी म्हणायचे.

हे नाव पडलं ते बेसमुळे. बेस म्हणजे स्टिअरिंगच्या मागची मोटर. पडद्यावरच्या गाडीचं चाक कडेच्या दगडावर चढलं की ही मोटर हातातलं स्टिअरिंग खेचते, थरथरवते, उलटं फिरवते. साध्या बेसमध्ये मोटर आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये पट्टा असतो, तो बिचारा निम्मा मार स्वतःच खातो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मध्ये कुणी नाही. मोटरच्या दांड्यालाच स्टिअरिंग, मोटर फिरली की तुमचा हात फिरला. ही ताकद न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. आठवाला बेस हौशी माणसाला भरपूर होतो. गुरुजींनी घेतला पंचवीसवाला. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा कुणीतरी विचारलं, 'फुल्लवर चालवता?' गुरुजींनी लिहिलं, 'फुल्लवर नाही चालवायचा तर घ्यायचा कशाला?'

झालं. त्या एका ओळीवर माणूस गुरुजी झाला. नवीन कुणी आलं, कुठला बेस घेऊ म्हणून विचारलं, की ग्रुपवाले सांगायचे, गुरुजींना विचार, गुरुजी फुल्लवर चालवतात. हरभऱ्याच्या झाडावर माणूस असाच चढतो, आणि चढल्यावर त्याला वाटतं, आपण उंचच होतो.

आता खरी गोष्ट ऐका. बेस आला त्याच आठवड्यात गुरुजींची गाडी भिंतीला घासली आणि स्टिअरिंग हातातून असं काही हिसडलं की डावं मनगट सुजून टम्म झालं. बायकोला सांगितलं, गॅरेजमध्ये अडकलेलं बॉनेट उघडताना लचकलं. तिने बिचारीने शेकायला गरम पाणी दिलं, वर गॅरेजवाल्याला चार शिव्याही दिल्या. हात बरा झाल्यावर गुरुजींनी मुकाट्याने कॉम्प्युटरवर बेसचं सेटिंग उघडलं आणि ताकदीचा काटा तिसऱ्या हिश्श्यावर आणून ठेवला. तो पुन्हा तिथून हलला नाही. कुणी घरी येणार असलं की सेटिंगची ती खिडकी आधी बंद व्हायची, मग दार उघडायचं.

यात गैर काहीच नव्हतं, ही खरी गंमत. मोठी मोटर घ्यावी आणि कमी ताकदीवर चालवावी, यातच शहाणपण असतं. लहान मोटर जिवाच्या आकांताने चालते, तिचा दम संपला की वरचे सगळे धक्के हाताला एकसारखेच लागतात. मोठी मोटर निवांत चालते, म्हणून टायर धरतोय की सुटतोय हे बारीकसारीक सगळं कळतं. जाणकार हेच सांगतात आणि गुरुजींनाही ते पाठ होतं. पण 'मी तिसऱ्या हिश्श्यावर चालवतो' असं म्हटलं की गुरुजीपणाचे दोन हिस्से गळून पडणार. ते कुणाला झेपतं?

तर अशात मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला. मेणात एकेक दात बसवायचा, छोट्या सुरीने हिरडीचा चढउतार कोरायचा, कुणाचा पुढचा दात जरा वाकडा होता तर तो तसाच वाकडा ठेवायचा, म्हणजे माणूस आरशात स्वतःला ओळखेल. स्वभावाने इतका सरळ की त्याची थट्टा केली तरी तो आधी त्यावर विचार करायचा. भाऊजी त्याच्या लेखी लहानपणापासून मोठे. भाऊजींनी रेस लावली की हा मागे स्टुलावर बसून बघणार. शेवटी त्यालाही हौस आली. ग्रुपमध्ये शिरला, सांगाडा जमवला, आणि बेस कुठला घ्यायचा हे विचारायला आला.

"मला वाटतं भाऊजी, आठवाला घेतो," तो म्हणाला. "माझी काय ती हौस. दिवसभर हातानेच काम असतं, उगाच जास्त जोर नको."

इथे 'घे' म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी बसलो नसतो. किंवा 'मोठा घे, पण कमीवर चालव' म्हटलं असतं तरी चाललं असतं. गुरुजींच्या ओठांवर ते आलंही होतं. पण मेहुणा इतक्या भक्तिभावाने बघत होता की त्यांच्या अंगात आलं.

"आठवाला म्हणजे भातुकली," गुरुजी म्हणाले. "त्यात तुला टायर काय कळणार? घ्यायचा तर मोठाच. पंचवीसवाला."

"मला झेपेल?"

"मला झेपतो ना?"

वाक्याचं पहिलं अर्धं बाहेर पडलं, दुसरं अर्धं, 'तिसऱ्या हिश्श्यावर', गिळलं. मेहुण्याने मान डोलावली आणि पंचवीसवाला मागवला.

बेस बसवायला गुरुजी स्वतः गेले. मेहुण्याचं घर लहान, सांगाडा बसला तो झोपायच्या खोलीत, कपाट आणि पलंग यांच्यामध्ये. कपाटाचं एक दार त्यामुळे अर्धंच उघडायचं, आणि मेहुण्याची बायको त्यावरून कुरकुरत होती. गुरुजींनी बोल्ट आवळले, वायरी ओढल्या, सेटिंग उघडलं. ताकदीचा काटा मधोमध होता.

"तुमच्याकडे आहे तसंच ठेवा," मेहुणा म्हणाला. "तुमचं सेटिंग म्हणजे डोळे झाकून."

गुरुजींचा हात माउसवर थबकला. आपलं सेटिंग ठेवायचं म्हणजे काटा डावीकडे न्यायचा, आणि हा मागे उभा राहून बघतोय. त्यांनी काटा उजवीकडे टोकाला नेला. मनात म्हणाले, आठवडाभरात हाच म्हणेल जड होतंय, मग आपण कमी करून देऊ, मोठेपणाने. मेहुणा सीटमध्ये बसला, स्टिअरिंग धरलं, एक फेरी अगदी हळू मारली. दंड ताठ झाले होते, कपाळावर घाम होता.

"भिंत समोर आली तर काय करायचं?" त्याने विचारलं.

"धरून ठेवायचं," गुरुजी म्हणाले. "सोडतो तो रेसर कसला?" स्वतः ते भिंत दिसली की सोडून द्यायचे.

रविवारी रेस होती. मेहुण्याची ती पहिलीच. निम्मी रेस बरी गेली, कुणी त्याला शाबासही लिहिलं. मग एका वळणावर मागच्याने धक्का दिला, गाडी भिंतीवर गेली, आणि ग्रुपवर सगळ्यांच्या हेडफोनमध्ये एक आवाज आला. तो शब्द नव्हता. कवळीवाला गेला, असं म्हणून कुणीतरी हसलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांना कळलं होतं. त्यांनी आपली गाडी ट्रॅकवर तशीच सोडली आणि बायकोला म्हणाले, "चप्पल घाल, तुझ्या भावाकडे जायचंय."

दवाखान्यात उजव्या हाताला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सांगितलं, "अंगठा स्टिअरिंगच्या आत अडकलेला होता. स्टिअरिंगची मधली आडवी पट्टी फिरून त्याच्यावर आली. बुडाशी हाडं धरून ठेवणारा बंध फाटलाय. भरून येईल, पण पुन्हा असा हिसका बसला तर ऑपरेशन, आणि मग बारीक पकड परत येईल याची खात्री मी देत नाही." मेहुण्याने विचारलं, "सुरी धरता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "नीट जपलंत तर येईल."

मेहुण्याच्या बायकोचे डोळे रडून लाल झाले होते. तिने गुरुजींकडे वळून विचारलं, "भाऊजी, तुमचाही तेवढाच मोठा आहे ना? तुम्हाला कधी झालं असं काही?"

सगळे बघायला लागले. बायको बघत होती, जिने मनगट शेकायला पाणी दिलं होतं. मेहुणा बघत होता. खरं बोलायची याहून सरळ संधी माणसाला मिळत नाही, कुणी ताटात वाढून दिल्यासारखी.

"मला? छे," गुरुजी म्हणाले. "सवय लागते त्याची."

"माझंच चुकलं," मेहुणा लगेच म्हणाला. "हातात जोर नाही माझ्या. भाऊजींनी सगळं नीट सांगितलं होतं."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते गुरुजींना त्या बाकड्यावर कळलं.

पुढचे दिवस वाईट गेले. लॅबने मेहुण्याला रजा दिली, त्याच्या बाकावरचं काम दुसऱ्याकडे गेलं. तो घरी बसून डाव्या हाताने मेण कोरायचा प्रयत्न करायचा आणि ते दात बघून स्वतःच हसायचा. इकडे गुरुजी गॅरेजमध्ये जायचे तर प्रत्येक चेपलेलं दार त्यांच्याकडेच बघतंय असं वाटायचं. एक दिवस एका आजीबाईंची गाडी आली. पुढचा बंपर चक्काचूर. गुरुजींनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "नक्की काय झालं? कुणी ठोकली?"

"कुणी काय, मीच," आजी म्हणाल्या. "माझ्याच फाटकावर. ब्रेक समजून दुसरंच दाबलं."

"समोर कुणी आलं होतं का? कुत्रं वगैरे?" गुरुजींनी वाटही दाखवली, लोक हीच वाट धरतात.

"कशाला कुत्र्याला मध्ये आणता? मीच ठोकली म्हणतेय ना."

गुरुजींनी मान खाली घालून तसं लिहिलं. आजी निघून गेल्यावरही ते त्या बंपरसमोर उगाचच उभे राहिले. गॅरेजवाल्याने विचारलं, "काय साहेब, काही संशय?" ते म्हणाले, "नाही, नाही."

प्लास्टर निघालं. अंगठा बारीक, पांढुरका, जरा ताठ. मेहुणा रबरी चेंडू घेऊन दाबत बसायचा. गुरुजी बायकोबरोबर भेटायला गेले तर म्हणाला, "बघा भाऊजी, पकड येतेय. सोमवारपासून लॅबला जातो. आणि पुढच्या रविवारी बसणार मी रेसला. फुल्लवरच. एकदा मार खाल्ला म्हणून कमी करणार नाही. तुमच्यासारखं व्हायचं तर घाबरून कसं चालेल?"

बायको म्हणाली, "वेडा आहेस का तू?" तो म्हणाला, "ताई, भाऊजींना विचार." आणि भाऊजी चेंडूकडे बघत होते.

घरी येईपर्यंत गुरुजींनी मनाशी ठरवलं. सांगायचं का? छे, एवढी हिंमत असती तर दवाखान्यातच सांगितलं असतं. त्यांनी चोरवाट काढली. शनिवारी सकाळी मेहुणा भाजी आणायला गेला असताना त्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोला म्हणाले, "बेसचं अपडेट आलंय, ते घालून देतो." ती म्हणाली, "आता जेवूनच जा." झोपायच्या खोलीत शिरले, सेटिंग उघडलं आणि काटा आपल्यासारखाच तिसऱ्या हिश्श्यावर आणला. स्वतःच्या सासुरवाडीच्या माणसाच्या घरात चोरासारखा माउस हलवत होते. खिडकी बंद करून उठणार तोच मेहुणा दारात. हातात पिशवी, तोंडभर हसू.

"अपडेट घातलंत? बरं झालं. बसून बघतो एक फेरी, तुम्ही आहात तोवर."

नको म्हणायला कारण सुचेना. त्याने पिशवी पलंगावर ठेवली. तो बसला. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, दगडावरून गाडी नेली. स्टिअरिंग थरथरलं आणि त्याच्या हातात गुण्यागोविंदाने राहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते बघून गुरुजींनी नजर कपाटाकडे वळवली.

"जमतंय," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, फुल्लवर जमतंय मला. चेंडूचा गुण आला." पाच-सहा फेऱ्या मारून तो थांबला, खिशातून फोन काढला आणि मोठ्याने वाचत ग्रुपवर लिहायला लागला, "हात मोडून बरा झालो आणि पुन्हा फुल्लवर बसलो. नवीन मंडळींनी घाबरायचं कारण नाही. काटा टोकाला न्या आणि सोडू नका, आपोआप सवय..."

"थांब," गुरुजी म्हणाले. "पाठवू नकोस."

"का? चुकलं काही?"

गुरुजींनी त्याचा हात धरला. डावा. मग बोलायला लागले, आणि एकदा लागल्यावर त्यांना थांबता येईना. काटा आत्ता टोकाला नाही. मी कमी केला, तू भाजीला गेला होतास तेव्हा. माझाही तेवढाच आहे. पहिल्या आठवड्यात मनगट सुजलं तेव्हापासून तेवढाच आहे. फुल्लवर मी एक रेसही लावलेली नाही. त्या दिवशी तुझा टोकाला नेला तो लाजेपायी नेला, माझा खरा आकडा तुला दिसू नये म्हणून. भिंत आली की मीही सोडून देतो. सगळेच सोडून देतात.

मेहुण्याचं नेहमीचंच, तो आधी विचार करत बसला. फोन त्याने पलंगावर ठेवला. स्वयंपाकघरात त्याची बायको तांदूळ धूत होती, नळाचा आवाज येत होता.

"बसा," तो सीटमधून उठत म्हणाला.

"अरे..."

"बसा भाऊजी."

गुरुजी बसले. मेहुण्याने उजव्या हाताने माउस धरला, त्या बारीक झालेल्या अंगठ्याने जरा अवघडत, आणि काटा उजवीकडे टोकाला नेला. पडद्यावर गाडी उभी होती, इंजिन चालू. "धरा," तो म्हणाला. गुरुजींनी धरलं. मार बसला तर बसू दे, असंच त्यांच्या मनात होतं. बसला असता तर बरंच वाटलं असतं. पायाखालचं पेडल दाबा असं तो म्हणेल म्हणून ते वाट बघत राहिले.

मेहुणा त्यांच्या हातांकडे बघत होता. गुरुजींनीही खाली पाहिलं. बोटं स्टिअरिंगभोवती होती आणि दोन्ही अंगठे बाहेरच्या कडेवर उभे, पट्टीपासून लांब. त्यांनी मुद्दाम ठेवले नव्हते, हाताला तशी सवयच होती.

"अंगठे बाहेर ठेवता तुम्ही," मेहुणा म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"मनगट सुजलं तेव्हापासून."

"मी पहिल्यांदा बसलो तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात. माझे आत होते."

ज्या माणसाला चेपलेल्या पत्र्यावरून कोण कुठून आलं ते कळतं, त्याला वीतभर अंतरावरचे दोन अंगठे दिसले नाहीत, असं कोण मानेल? दिसले होते. सांगावंसंही वाटलं होतं. पण सांगितलं असतं तर याने विचारलं असतं, भाऊजी, तुम्हाला कसं माहीत, आणि मग मनगटाची गोष्ट निघाली असती. म्हणून ते गप्प बसले होते.

"दिसले होते," गुरुजी म्हणाले.

मेहुण्याने काटा खाली आणला, मग बेसचं बटण बंद केलं. पडद्यावरची गाडी जागच्या जागी राहिली. त्याने पलंगावरची भाजीची पिशवी उचलली आणि दाराकडे वळून बायकोला हाक मारली.

"भाऊजींचं पान मांडू नकोस गं," तो म्हणाला. "ते निघालेत."